उलव्यातल्या दहावीला न आलेला धडा

उलवे नोडमध्ये शाळांच्या पाट्या वाचत फिरलं, तर ‘सीबीएसई’ ही अक्षरं वारंवार भेटतात. अशा शाळांमधल्या दहावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात काही वर्षांपूर्वीपर्यंत लोकलढे आणि चळवळी यांवर एक आख्खं प्रकरण होतं. नेपाळच्या जनतेनं राजाला सत्ता सोडायला कसं लावलं, बोलिव्हियातल्या कोचाबांबा शहरात पाण्याच्या खासगीकरणाविरुद्ध लोक कसे रस्त्यावर आले आणि सरकारला करार कसा मोडावा लागला, हे त्यात सांगितलं होतं. करोनानंतर अभ्यासाचा भार हलका करायचा म्हणून 2022 मध्ये एनसीईआरटीनं पुस्तकांची छाटणी केली, तीत हे प्रकरण गेलं. जोडीला लोकशाही आणि विविधता यांच्या नात्यावरचं आणि लोकशाहीपुढच्या आव्हानांवरचं, अशी आणखी दोन प्रकरणं गेली.

बोलिव्हिया गेलं तर गेलं, असं कुणी म्हणेल. पण कोचाबांबा वाचलेल्या एखाद्या मुलीनं वर्गात हात वर करून विचारलं असतं, ‘‘सर, मग जासईला काय झालं होतं?’’ आता तो प्रश्न निघायला निमित्तच उरलेलं नाही.

जासई उलव्यापासून काही किलोमीटरवर, उरण तालुक्यात आहे. 17 मार्च 1970 रोजी सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण परिसरातल्या 95 गावांच्या जमिनी संपादनात आल्या. भातशेती, मिठागरं आणि खाडीतली मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी, कोळी, कराडी कुटुंबांना मिळणारा मोबदला आणि त्याच जमिनीचा पुढे लिलावात निघणारा भाव यांच्यात मेळ नव्हता. शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन पेटलं. 16 आणि 17 जानेवारी 1984 या दोन दिवसांत पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मारले गेले. संपादित जमिनीच्या बदल्यात विकसित भूखंडाचा वाटा मिळण्याचं, म्हणजे आज या भागात पोरासोरांनाही ठाऊक असलेलं ‘साडेबारा टक्के’ हे प्रकरण याच लढ्याचं फळ. उलव्यातल्या कितीतरी सोसायट्या साडेबाराच्या भूखंडांवरच उभ्या आहेत. त्यांत राहणाऱ्यांना खरेदीखतातला तो शब्द माहीत असतो, तो आला कुठून हे बहुधा नाही.

नंतर विमानतळ आला. उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वाघिवली, वाघिवलीवाडा, वरचे ओवळे अशी दहा गावं त्यासाठी हलवली गेली. उलव्याची टेकडी सुरुंगांनी फोडून सपाट केली, उलवे नदीचा प्रवाह वळवला. विमानतळाला नाव कुणाचं द्यायचं, यावरून 2021 च्या जूनमध्ये आधी मानवी साखळी झाली आणि मग दिबांच्या स्मृतिदिनी, 24 जूनला, हजारो माणसं सिडको भवनावर चालून गेली. सिडकोनं बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचा ठराव केला होता, स्थानिकांना दिबांचं नाव हवं होतं. 2022 मध्ये विधिमंडळानं दिबांच्या नावाचा ठराव केला. 8 ऑक्टोबर 2025 रोजी उद्घाटन झालं तेव्हाही ते नाव अधिकृतपणे लागलेलं नव्हतं.

म्हणजे आज उलव्यात दहावीला बसणाऱ्या मुलानं सुरुंगांचे हादरे ऐकलेत, शेजारचं गाव उठताना पाहिलंय, मोर्च्यामुळे स्कूलबस अडकल्याचंही अनुभवलंय. भूसंपादन, मोबदला, आंदोलन, वाटाघाट आणि स्मारकाचं राजकारण या पाचही गोष्टी ज्याच्या खिडकीतून दिसतात असा विद्यार्थी देशात फार ठिकाणी सापडणार नाही. आणि नेमका त्याच्याच पुस्तकातून लोकलढ्यांचा धडा गेला. महाराष्ट्रात त्यावर म्हणावा तसा आवाज उठला नाही.

आवाज उठवायची महाराष्ट्राला सवय नाही, असं तर मुळीच नाही. अभ्यासक्रमावरून इथं जेवढी भांडणं होतात तेवढी थोड्याच राज्यांत होत असतील. पण ती कशावरून होतात, हे पाहिलं की उलव्याचा धडा निसटला कसा, ते लक्षात येतं.

सगळ्यात ताजं आणि सगळ्यात मोठं भांडण भाषेचं. 16 एप्रिल 2025 च्या शासन निर्णयानं मराठी आणि इंग्रजी माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य केली. विरोध होताच शिक्षणमंत्र्यांनी अनिवार्य शब्द मागे घेण्याचं जाहीर केलं. 17 जूनला सुधारित निर्णय आला, त्यात हिंदी ‘सर्वसाधारणपणे’ तिसरी भाषा झाली. दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर वर्गातल्या किमान वीस मुलांनी ती मागावी, अशी अट होती. मराठीचे अभ्यासक आणि कार्यकर्ते, सरकारचीच भाषा सल्लागार समिती, साहित्यिक, विरोधी पक्ष असे सगळे उभे ठाकले. 29 जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले, नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि 5 जुलैला वरळीत दोन ठाकरे बंधू जवळपास वीस वर्षांनी एका मंचावर आले. एका शासन निर्णयानं राज्याचं राजकारण हलवावं, असं क्वचित घडतं.

विरोध रास्त होता. सहा वर्षांच्या पोराला तीन भाषा आणि त्यासाठी शिक्षक कुठून, या प्रश्नाला सरकारकडे धड उत्तर नव्हतं. पण या अडीच महिन्यांच्या धामधुमीत एक गोष्ट मागे पडली. तो शासन निर्णय निव्वळ हिंदीचा नव्हता, राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्याच्या अंमलबजावणीचा होता. कोणत्या इयत्तेत काय शिकवायचं, राज्य मंडळाची पुस्तकं एनसीईआरटीच्या किती जवळ न्यायची, स्थानिक मजकुराला जागा किती, हे सगळं त्या आराखड्यात होतं. चर्चा झाली ती एका परिच्छेदाची.

सीमेपलीकडे पाहिलं तर हाच प्रश्न उलटा उभा दिसतो. कर्नाटकानं 2015 मध्ये कन्नड भाषा शिक्षणाचा कायदा केला आणि सर्व शाळांत, सीबीएसई धरून, कन्नड टप्प्याटप्प्यानं सक्तीची केली. बेळगाव-खानापूरच्या मराठी घरांना त्या सक्तीचा काच कळतो. महाराष्ट्रानं 2020 मध्ये तसाच कायदा मराठीसाठी केला, शाळेनं तो मोडला तर एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तोही उलव्यातल्या सीबीएसई शाळांना लागू होतो. बेळगावात जी सक्ती अन्याय वाटते ती पनवेलात कर्तव्य वाटते, यात कुणाला गंमत वाटली तर त्याला दोष देता येणार नाही. सक्ती कुणाची, यावर आपली भूमिका बदलते. वर्गात ती भाषा कशी शिकवली जाते, अमराठी घरातल्या मुलाला मराठी शिकवण्याची पुस्तकं आणि प्रशिक्षित शिक्षक आहेत की नाहीत, यावर मोर्चा निघाल्याचं उदाहरण सापडत नाही. करोनाकाळात पहिली तुकडी मागे पडली म्हटल्यावर सरकारनंच 2023 मध्ये त्या मुलांपुरती गुणांऐवजी श्रेणीची सवलत देऊन टाकली.

भाषेनंतर येतात प्रतीकं. 2024 च्या मे महिन्यात याच आराखड्याचा मसुदा जाहीर झाला, शेकडो पानांचा. त्यात मनुस्मृतीतला एक श्लोक उद्धृत केलेला आढळला आणि वादळ उठलं. सरकारमधले मंत्री छगन भुजबळही विरोधात बोलले. जितेंद्र आव्हाड महाडला गेले. 25 डिसेंबर 1927 रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली जिथं मनुस्मृती जाळली गेली, तो महाड आपल्या रायगड जिल्ह्यातलाच. तिथं निषेध करताना त्यांच्या हातून बाबासाहेबांचंच चित्र असलेला कागद फाडला गेला. त्यांनी माफी मागितली, पण पुढचे कित्येक दिवस आंदोलनं झाली ती त्या फाटक्या कागदावरून. मसुदा बाजूला राहिला. हरकती नोंदवण्याची मुदत चालू होती, आणि त्या शेकडो पानांमध्ये समाजशास्त्राचं काय होणार आहे याची वाच्यता सभांमध्ये ऐकू आली नाही.

वाचायचं कुणी, हा खरा पेच आहे. 2020 च्या जुलैमध्ये त्याचा नमुनाच पाहायला मिळाला. आठवीच्या मराठीच्या पुस्तकात यदुनाथ थत्ते यांचा एक पाठ होता. त्यात भगतसिंग आणि राजगुरू यांच्यासोबत कुर्बान हुसेन यांचं नाव फासावर गेलेल्यांत आलं होतं. सुखदेवांना काढून मुसलमानाचं नाव घुसवलं, अशी ओरड समाजमाध्यमांवर सुरू झाली. वास्तविक कुर्बान हुसेन हे सोलापूरचे. 1930 च्या मे महिन्यात सोलापूर पेटलं, इंग्रजांनी मार्शल लॉ लावला आणि 12 जानेवारी 1931 रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यात फाशी दिली. सोलापुरात त्यांच्या नावाचा चौक आहे, पुतळे आहेत. बालभारतीला खुलासा करावा लागला की ही व्यक्ती खरोखरच होऊन गेली. लेखकाचा काही दोष नव्हता. राज्याच्या एका शहरानं आपल्या हुतात्म्यांची नावं पाठ केली होती आणि बाकीच्या राज्यानं ती कधी ऐकलीच नव्हती, म्हणून खऱ्या माणसावर तोतयेपणाचा आळ आला.

चिरनेरचंही असंच. 25 सप्टेंबर 1930 रोजी उरणजवळच्या चिरनेरमध्ये, अक्कादेवीच्या रानात जंगल सत्याग्रहासाठी लोक जमले. गोळीबार झाला. गावोगावच्या स्मारकांवर आठ हुतात्म्यांची नावं आहेत आणि ती नीट वाचली तर त्यांत आगरी, कोळी, न्हावी, कातकरी असा अवघा परिसर दिसतो. त्या झटापटीत इंग्रज सरकारचे मामलेदार जोशी हेही मारले गेले. पुढे खटला चालला तेव्हा आरोपींच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या वकिलांमध्ये डॉ. आंबेडकर होते. राज्य मंडळाच्या आठवीच्या इतिहासात चिरनेरचं नाव येतं ते जंगल सत्याग्रह झालेल्या ठिकाणांच्या ओळीत, बिळाशी, संगमनेर, कळवण यांच्या जोडीला. एका ओळीत सगळी गावं. रिकाम्या जागा भरायला उत्तम. जिल्ह्याबाहेरच्या मुलाला तेवढं पुरतं असं मानू, पण उरण-पनवेलच्या मुलालाही तेवढंच?

त्यापुढचा चरीचा संपही याच जिल्ह्यातला. 1933 ते 1939 एवढा काळ अलिबाग तालुक्यातल्या कुळांनी खोतांच्या जमिनी कसायला नकार दिला, उपास काढले, लाकडं विकून दिवस ढकलले. नेतृत्व नारायण नागू पाटील यांचं. 1937 मध्ये आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, त्यामागे हे आंदोलन होतं. चिरनेर, चरी, जासई: एकाच जिल्ह्यात 54 वर्षांच्या अंतरात जंगल, कुळं आणि संपादन या तीन निराळ्या प्रश्नांवर सामान्य माणसं सत्तेसमोर उभी राहिली. एवढा सलग धागा हाताशी असताना दहावीच्या मुलानं चळवळ म्हणजे काय हे व्याख्येतून शिकावं, ही उधळपट्टी आहे.

महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन दिलं त्यात त्यांचं एक म्हणणं असंच रोखठोक होतं. रयतेच्या पैशावर चाललेलं शिक्षण रयतेच्या पोरांच्या उपयोगाचं असावं. त्यांनी नुसती तक्रार केली नाही, विषयही सांगितले: मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, आरोग्य आणि शेतीचं प्राथमिक ज्ञान. खेड्यातल्या शाळेचा अभ्यास शहरातल्यापेक्षा वेगळा असावा, असंही त्यांनी सुचवलं. त्याच दशकात पुण्यात मुलींच्या हायस्कुलात इंग्रजी वळणाचा अभ्यासक्रम शिकवावा की गृहकृत्यांना धरून वेगळा, यावर टिळक आणि सुधारक भांडत होते. तेव्हाची भांडणं कडाक्याची होती, त्यांतल्या काही भूमिका आज ऐकवत नाहीत, पण वाद निदान वर्गात काय शिकवायचं यावर होता. दोन्ही बाजूंनी तो मजकूर वाचलेला होता.

आता मोजणी चालते. 2025 मध्ये विधिमंडळात प्रश्न आला की सीबीएसईच्या पुस्तकात छत्रपती शिवाजी महाराजांना शब्द किती? तक्रार खोटी नव्हती, जुन्या पुस्तकांत मराठ्यांचा इतिहास खरोखरच तुटपुंजा होता. त्याच वर्षी एनसीईआरटीचं आठवीचं नवं पुस्तक आलं, त्यात मराठ्यांच्या उदयावर स्वतंत्र प्रकरण होतं. महाराष्ट्रानं समाधान व्यक्त केलं. महिना उलटायच्या आत राजस्थानातून हरकत आली. प्रकरणातल्या नकाशात जैसलमेर मराठ्यांच्या अमलाखाली दाखवलं होतं, आणि तिथल्या पूर्वीच्या राजघराण्याला ते मान्य नव्हतं. एनसीईआरटीनं समिती नेमली. वास्तविक आठवीच्या वर्गासाठी याहून चांगला स्वाध्याय कुठला? अठराव्या शतकात एखादा प्रदेश ‘अमलाखाली’ होता म्हणजे काय? चौथाई देणारा मुलूख नकाशात रंगवायचा की नाही? कोणत्या कागदावरून ठरवायचं? पण हे प्रश्न मुलांपर्यंत गेले नाहीत. ते समितीकडे गेले.

समित्यांकडे गेलेल्या प्रश्नांचं काय होतं, हे सुहास पळशीकरांना विचारावं. पुण्याचे हे राज्यशास्त्राचे प्राध्यापक आणि योगेंद्र यादव एनसीईआरटीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकांचे मुख्य सल्लागार होते. 2012 च्या मे महिन्यात अकरावीच्या पुस्तकातल्या एका व्यंगचित्रावरून संसदेत गदारोळ झाला. शंकर यांनी 1949 मध्ये काढलेलं ते चित्र, गोगलगायीच्या गतीनं चाललेली घटनानिर्मिती दाखवणारं. त्यात गोगलगायीवर बसलेले आंबेडकर होते आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू. एकाही बाकावरून पुस्तकाची बाजू मांडली गेली नाही, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. मंत्री कपिल सिब्बल यांनी माघार घेतली, दोघा सल्लागारांनी राजीनामे दिले आणि दुसऱ्याच दिवशी पुणे विद्यापीठातल्या पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली, बाबासाहेबांच्या सन्मानाच्या नावाखाली.

गोष्टीचा उत्तरार्ध कमी लोकांना माहीत आहे. त्याच सल्लागारांच्या बारावीच्या पुस्तकात जनआंदोलनांच्या उदयावर एक प्रकरण होतं. चिपको, नर्मदा, माहितीच्या अधिकाराची चळवळ आणि दलित पँथर. मुंबईच्या वस्त्यांतून 1972 मध्ये उभी राहिलेली पँथर देशभरातल्या सीबीएसईच्या मुलांना त्या पानांत भेटत होती, नामदेव ढसाळांच्या कवितेसकट. 2022 च्या छाटणीत तेही प्रकरण गेलं. 2023 च्या जूनमध्ये यादव आणि पळशीकरांनी एनसीईआरटीला पत्र लिहून पुस्तकांवरची आमची नावं काढा, अशी मागणी केली. चित्राच्या वेळी कार्यालय फोडायला माणसं आली होती. ढसाळ पुस्तकातून गेले तेव्हा कुणाची खिडकीसुद्धा फुटली नाही. फुटायला हवी होती असं नव्हे. पण विधिमंडळात शब्द मोजणाऱ्या महाराष्ट्राला हे शब्द मोजावेसे वाटले नाहीत, याची नोंद व्हायला हवी.

यात एका पक्षाला झोडपून भागत नाही. व्यंगचित्रावरून माघार घेतली तेव्हा दिल्लीत काँग्रेसचं सरकार होतं, प्रकरणं छाटली तेव्हा भाजपचं. मुंबई विद्यापीठानं 2010 मध्ये रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ ही कादंबरी अभ्यासक्रमातून काढली ती शिवसेनेच्या विद्यार्थी शाखेच्या दबावाखाली, राज्यात सत्ता काँग्रेस आघाडीची असताना. नागपूर विद्यापीठानं 2019 मध्ये राष्ट्र उभारणीतली संघाची भूमिका बी. ए. इतिहासाच्या अभ्यासक्रमात घातली. घालणं आणि काढणं, दोन्हींत एक साम्य आहे: निर्णय आधी होतो, शैक्षणिक कारण नंतर शोधलं जातं. त्यामुळे अभ्यास मंडळावर बसलेली समंजस माणसंही एक गोष्ट लवकर शिकतात. ज्यावर कुणी हरकत घेऊ शकेल असं वाक्य लिहायचंच नाही. बंदीपेक्षा ही सवय जास्त पानं खाते आणि तिचा हिशेब कुठल्याच माहिती अधिकारात मिळत नाही.

म्हणून उलव्याच्या बाबतीत एक सोपा उपाय कुणाला सुचेल आणि तोच सगळ्यात फसवा आहे. दिबांवर धडा घाला. मागणी झाली तर ती मान्यही होईल, मतांचा हिशेब तसाच आहे. मग जन्म 13 जानेवारी 1926, गाव जासई, आमदार, खासदार, झुंजार नेतृत्व, पाच हुतात्मे आणि शेवटी ‘दिबांच्या कार्याचे महत्त्व पाच ओळींत लिहा’. चौकातला पुतळा पुस्तकात आणून बसवल्यासारखं होईल. मुलं त्याला हार घालतील आणि पुढे जातील.

जासईची गोष्ट यापेक्षा कितीतरी गुंतागुंतीची आहे आणि म्हणूनच शिकवण्याजोगी आहे. मुंबईवरचा ताण कमी करायला नवं शहर हवं होतं, हे सरकारचं म्हणणं पोकळ नव्हतं. साडेबारा टक्क्यांचे भूखंड मिळाल्यावर अनेकांनी ते बिल्डरांना विकले, काहींचं भलं झालं, काहींचा पैसा आला तसा गेला. कूळ म्हणून कसणाऱ्यांना, मिठागरांवर राबणाऱ्यांना, खाडीत मासे मारणाऱ्यांना सातबाऱ्यावर नाव नसेल तर काय मिळालं? विमानतळाच्या वेळी मोबदला साडेबावीस टक्क्यांवर गेला, तो 1984 मुळे की बाजारभावामुळे? उलव्यात घर घेतलेल्या, बिहारमधून किंवा साताऱ्याहून आलेल्या कुटुंबाचा या जमिनीवर हक्क कोणता? विमानतळावर नोकरी लागलेल्या प्रकल्पग्रस्ताच्या मुलानं टेकडी गेल्याचं दुःख करावं की पगाराचा आनंद? यांतल्या एकाही प्रश्नाला पुस्तकाच्या मागे छापता येईल असं उत्तर नाही.

असे विषय वर्गात न्यायला शाळा घाबरतात, आणि ती भीती निराधार नाही. जर्मनीतल्या लोकांनाही ती होती. 1970 च्या दशकात तिथं राज्यशास्त्र कसं शिकवावं यावरून डावे-उजवे एकमेकांच्या उरावर बसले होते. 1976 मध्ये बॉयटल्सबाख या छोट्या गावी अभ्यासकांची बैठक झाली आणि तिच्यातून तीन सूत्रं निघाली. शिक्षकानं आपलं मत मुलांच्या गळी उतरवायचं नाही. समाजात आणि अभ्यासकांत जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडायचं. आणि विद्यार्थ्याला त्या प्रश्नात आपलं हित कशात आहे हे तपासता आलं पाहिजे. हा कायदा नव्हे, तरी जवळपास पन्नास वर्षं तिथले शिक्षक ही सूत्रं प्रमाण मानत आले आहेत. नाझी राजवटीत शाळांचं काय झालं ते पाहिलेल्या देशानं वाद टाळून नव्हे, वाद वर्गात आणून मार्ग काढला. आपल्याकडे वादग्रस्त ठरलं की धडा जातो, तिथं वादग्रस्त ठरलं की धडा वाद म्हणून शिकवावा लागतो.

उलव्यात याला नवं पुस्तक छापायचीही गरज नाही. राज्य मंडळाच्या दहावीच्या राज्यशास्त्रात सामाजिक आणि राजकीय चळवळींवर प्रकरण आहे, जासईचं उदाहरण तिथं सहज बसतं. सीबीएसईच्या शाळांना समाजशास्त्राच्या प्रकल्पासाठी अंतर्गत गुण असतात. साहित्य तर गावभर पसरलेलं आहे: घराघरांतले जुने सातबारे आणि संपादनाच्या नोटिसा, 1984 च्या जानेवारीतली वर्तमानपत्रं, साडेबारा टक्के योजनेचे शासन निर्णय, सिडकोचे नकाशे, जासईचं हुतात्मा स्मारक आणि त्या दोन दिवसांत तिथं हजर असलेली, आता सत्तरी ओलांडलेली माणसं. दुसऱ्या बाजूला सिडकोचे निवृत्त अधिकारी आणि नियोजनकारही हयात आहेत, त्यांचंही ऐकावं. गणेशपुरीच्या किंवा तरघरच्या आजीची मुलाखत घेणारा मुलगा आणि उलव्यात नव्यानं आलेल्या घरातली मुलगी एकाच गटात असतील तर आणखी बरं. आगरी बोलीत सांगितलेलं प्रमाण मराठीत आणि मग इंग्रजीत उतरवताना त्रिभाषा सूत्राचा प्रश्न त्यांच्यापुरता तरी सुटेल.

अडचण येईल ती पालकसभेत. कुणीतरी विचारेल की शाळेत राजकारण कशाला. कुणाला वाटेल आपल्या समाजाची बदनामी होतेय, कुणाला वाटेल सरकारविरोधी शिकवतायत, आणि संस्थाचालक मुख्याध्यापकांकडे पाहतील. त्या क्षणी मुख्याध्यापकांच्या हातात दाखवायला काही असत नाही, म्हणून ते प्रकल्पाचा विषय बदलून ‘आपले सण’ करतात. जिल्हा शिक्षण आणि प्रशिक्षण संस्थेनं स्थानिक इतिहासाच्या प्रकल्पांसाठी एक परिपत्रक काढावं. वादाच्या विषयात किमान दोन बाजूंची साधनं वापरावीत, शिक्षकानं निष्कर्ष सांगू नये आणि या चौकटीत काम करणाऱ्या शिक्षकावर तक्रारीपोटी थेट कारवाई होऊ नये, एवढं त्यात असलं तरी पुरे. राज्य मंडळाची पुस्तकं येत्या काही वर्षांत इयत्तावार बदलत जाणार आहेत. पुस्तकातून काही काढायचं झालं तर काय काढलं, कुणी सुचवलं आणि का, याची टिपणी बालभारतीनं संकेतस्थळावर लावावी, ही मागणी हरकतींच्या मुदतीत, लेखी करता येते. त्यासाठी फक्त मसुदा उघडून दहावीच्या समाजशास्त्राच्या पानापर्यंत जावं लागेल.